गांजात तंबाखू मिसळली की नशा बदलते काय?

टिळकवाडी_गल्ली: मंडळी, सरळ विचारूलोय. शनिवारी आमच्या रूमवर जॉइंट होतो, पोरं विडी फोडून त्यात निम्मी तंबाखू घालतात, म्हणतात जळतो पण बरा आणि किक पण जोरात बसते. मागच्या शनिवारी दोन झुरक्यांतच मला दरदरून घाम, हात गार आणि मग मोरीत उलटी. मित्र म्हणतो माल कडक होता. पण तोच माल आदल्या आठवड्यात नुसता ओढलेला, तेव्हा असलं काय झालं नव्हतं की. तंबाखूनं फरक पडतो का खरंच?

निपाणीची_लेक: तुला तंबाखू लागली रे बाबा, गांजा नव्हे. माझी आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती, नवीन बाई आली की पहिल्या आठवड्यात खकाण्यानं तिला चक्कर यायची, ओकायची बिचारी, मग बाकीच्या तिला दारात वाऱ्याला बसवून गुळाचा खडा द्यायच्या. शेतात ओली पानं हाताळली तरी तसंच होतं, निकोटिन कातडीतून आत जातं, ओढायला पण लागत नाही. तू एरवी तंबाखू खात नाहीस ना? मग विडीची तंबाखू तुला झेपायची कशी.

धारवाड_नर्स: ताई बरोबर बोलल्या. निकोटिन १०-२० सेकंदांत मेंदूत पोचतं, गरगरतं, आणि थोड्या वेळात उतरतं. गांजाची नशा चढायला काही मिनिटं जातात पण ती दोन-तीन तास राहते. म्हणजे दोन झुरक्यांतली ती किक बरीचशी निकोटिनची. तंबाखूबरोबर जाळला की तेवढ्याच गांजातून टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, धुरात जास्त येतं असं प्रयोगात दिसलंय, तेवढं पोरांचं खरं. पण नाडी दोन्हीनं पळते. छातीत दुखलं किंवा कोण बेशुद्ध पडलं तर पोलिसांच्या भीतीनं रूमवर बसू नका, कॅज्युअल्टीत न्या आणि काय ओढलंय ते डॉक्टरला खरं सांगा.

चिक्कोडी_रोड: माझं ऐक. चार वर्षं मी असाच मिसळून ओढला, आणि सकाळी उठल्या उठल्या तलफ यायची तर मला वाटायचं आपण गांजाला लागलोय. एकदा महिनाभर माल मिळाला नाही, विडी मात्र चालूच होती, तर सकाळची तलफ विडीवरच भागायची. मग विडी सोडायला गेलो, पहिले तीन दिवस नुसता चिडलेला, झोप नाही, आईवर ओरडलो, ते आजपण टोचतंय. आठवड्याला एकदा ओढणाऱ्या पोराला रोजची विडी लावून देते ही मिसळ. मला १८००११२३५६ ह्या तंबाखू सोडायच्या फोनचा उपयोग झाला, फुकट आहे.

टिळकवाडी_गल्ली: वाचून गप्प बसलोय. हे दोन आठवडे दुपारी चहाला खाली उतरलो की मी बाजूच्याकडं विडी मागूलोय, आधी कधीच मागितली नव्हती, आणि ह्याचा त्याच्याशी संबंध मी लावलाच नव्हता. नंबर लिहून घेतला. रूमवरच्या पोरांना पण आज वाचून दाखवतो.