पिस्कोला लाकूड आणि पाणी लागलं की तो पिस्को उरतो का? (चर्चा)

मोकळा_वारा:
पिंपात न मुरलेली दारू अर्धवटच, असं बरेच जण ठासून सांगतात. त्यांनी पेरू देशाचा पिस्को, म्हणजे तिथली द्राक्षाची दारू, पिऊन बघावी. द्राक्षाच्या रसाची वाईन करायची, तांब्याच्या भट्टीत एकदाच गाळायची आणि त्यात नंतर थेंबभर पाणी घालायचं नाही. ३८ ते ४८ टक्के अल्कोहोल, त्यात नेमकं कुठे थांबायचं ते गाळणाऱ्याने ठरवायचं. मग किमान तीन महिने काच, स्टील असल्या भांड्यात ठेवायचं, लाकडाला शिवायचंसुद्धा नाही. आपल्याकडे पहिल्या धारेची म्हणजे भारी मानतात, तिथे पहिली धार बाजूला काढतात आणि शेवटचीही, मधली तेवढी ठेवतात. म्हणजे द्राक्ष खराब असेल किंवा धार चुकीच्या जागी तोडली तर झाकायला काही नाही, ओकचा व्हॅनिला नाही की रंग नाही.
केब्रांटा द्राक्षाचा असेल तर आधी वाळलेल्या गवताचा वास येतो, मग पिकलेल्या केळ्याचा, आणि घोट कोरडा जातो. इतालिया जातीच्या द्राक्षाचा असेल तर ग्लास तोंडाला लावायच्या आधीच फुलं आणि लिंबाची साल. दोन्ही दिसायला सारखेच पारदर्शक, फरक आहे तो सगळा द्राक्षाचा. चिलीतही पिस्को बनतो, पण तिथे पाणी पण चालतं, लाकूड पण चालतं, मग माझ्या मते तिथे हा स्वभावच उरत नाही.

नदीकाठ:
अजिबात पटलं नाही. चिलीत १९३१ पासून पिस्कोचा प्रदेश कायद्याने ठरलेला आहे, आताकामा आणि कोकिंबो. पेरूने हे १९९० ला केलं. कोकिंबोतल्या एल्की खोऱ्यातली मस्कत द्राक्षं इतकी सुगंधी की दारू कडक काढून नंतर पाण्याने ४० टक्क्यांवर आणली तरी वास हटत नाही. पाणी घालणं म्हणजे भेसळ असेल तर जगातली जवळजवळ सगळी स्कॉच भेसळच म्हणायची का? आणि लाकूड तिथे सक्तीचं नाही, लाकूड न लागलेले पारदर्शक पिस्को तिकडेही बनतात.

मोकळा_वारा:
भेसळ मी म्हटलेलं नाही. सक्ती नाही हीच अडचण आहे ना, एकाच नावाखाली ३० टक्क्यांची पातळ पण आली आणि पिंपातली पिवळी पण, गिऱ्हाइकाने काय समजायचं? आणि पिस्को हे बंदर पेरूत आहे, इका भागात. चिलीतल्या ला उनिऑन गावाचं नाव कायद्यानंतर, १९३६ ला बदलून पिस्को एल्की केलं, हे १९३१ सांगताना सांगायला हवं.

पणजीकर:
मुरवण्याच्या मुद्द्यावर मी मोकळा_वाराच्या बाजूने. गोव्याची काजूच्या फळाची हुर्राक पिणाऱ्याला कोणी सांगावं की लाकूड नाही म्हणून ही अर्धवट! काजूचा वास हाच तिचा जीव. पण नावाचं भांडण मला पटत नाही. ते भांडण आपल्याकडेही आलं होतं, २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की पेरूवाल्यांनी ‘पेरूवियन पिस्को’ लावावं, चिलीचाही पिस्को आहे. मला हे रास्त वाटतं.

सांगलीकर:
शिस्तच हवी तर बोलिव्हियाची सिंगानी घ्या की. द्राक्ष एकच, मस्कत ऑफ अलेक्झांड्रिया, आणि वेल १६०० मीटरच्या वरच हवी. पेरूवाले आठ जातींची द्राक्षं वापरतात, वर अचोलादो म्हणून मिसळतात पण. आणि स्वभाव स्वभाव काय करताय, लिमातसुद्धा लोक पिस्को सावरच पितात, लिंबू, साखर, अंड्याचा पांढरा, वरून बिटर्स म्हणजे कडवट अर्काचे थेंब, त्यात केब्रांटाचं गवत कोणाला लागणार?

मोकळा_वारा:
लागतं ना. सावरमध्ये केब्रांटाच घालतात बहुतेक, कारण त्या कोरड्या द्राक्षाला अंगच असं आहे की लिंबू साखरेखाली दबत नाही. सुगंधी इतालिया चिलकानोत घाला, जिंजर एल आणि लिंबू, वास वर येतो. मोस्तो वेर्दे मात्र नुसताच प्यायचा. त्यात आंबवणं पूर्ण व्हायच्या आधीच, साखर शिल्लक असताना गाळतात, त्यामुळे द्राक्षं जास्त लागतात आणि महाग पडतो. साखर काही वाफेबरोबर येत नाही, तरी घोट जिभेवर मखमलीसारखा पसरतो. पिंपात न ठेवता एवढी गोलाई येते, मग अर्धवट काय राहिलं ते सांगा.

नदीकाठ:
मोस्तो वेर्दे मान्य, तो उत्तमच असतो. पण त्यावरून चिलीचा पिस्को हलका ठरत नाही. तिथला ४३ टक्क्यांचा ग्रान पिस्को म्हणून कडक प्रकार असतो, तो, लाकूड न लागलेला, एकदा घेऊन बघा आणि मग इथे लिहा.