संपादकाच्या खुर्चीनं व्हिक्टोरियन लेखिकांना मोकळीक मिळाली का?

वाचनवेडी: व्हिक्टोरियन, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्रज लेखिकांचा विषय निघाला की आपण त्यांच्या टोपणनावांवरच अडकतो. माझ्या मते खरा फरक पडला तो बाई स्वतः संपादक झाली तेव्हा. एलिझाबेथ गॅस्केलची ‘नॉर्थ अँड साउथ’ ही कादंबरी १८५४-५५ मध्ये चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात क्रमशः येत होती. हप्त्यांच्या लांबीवरून दोघांचे खटके उडाले, शेवट घाईत उरकावा लागला. पुस्तक काढताना तिनं तो वाढवून लिहिला. सनसनाटी कादंबऱ्या लिहिणारी मेरी ब्रॅडन मात्र १८६६ पासून दहा वर्षं ‘बेल्ग्रेव्हिया’ मासिकाची संपादक होती. अशा कादंबऱ्यांवर टीकेची झोड उठली, तेव्हा १८६७ मध्ये त्याच मासिकातून पत्रकार जॉर्ज सालानं टीकाकारांना खडसावलं. दुसऱ्याच्या मासिकात हे छापून आलं असतं का?

रोखठोक: पटलं नाही. मासिक काढलं प्रकाशक जॉन मॅक्सवेलनं, आणि ब्रॅडनचा संसार त्याच्याशीच. तिची ‘लेडी ऑडलीज सीक्रेट’ ही कादंबरी १८६२ पासून तुफान खपत होती, म्हणून तिचं नाव पुढे केलं. शिवाय दर महिन्याला अंक भरायचा! ‘सर्सी’ ही कादंबरी तिनं बॅबिंग्टन व्हाइट या टोपणनावानं तिथेच चालवली, तर ती फ्रेंच लेखनावरून उचलल्याचा आरोप झाला. ही मोकळीक नव्हे, घाण्याला जुंपणं झालं.

जुनी पानं: मालकीचं काय? विवाहित बाईला स्वतःच्या कमाईवर हक्क देणाऱ्या १८७० च्या ब्रिटिश कायद्याआधी तिची कमाई नवऱ्याचीच. कादंबरीकार एलन वुडचे पती १८६६ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी तिनं ‘आर्गोसी’ हे मासिक विकत घेतलं. जॉनी लडलो या मुलाच्या तोंडून सांगितलेल्या कथा तिनं त्यात स्वतःचं नाव न घालता छापल्या. १८८७ मध्ये जाईपर्यंत मासिक तिच्याच हाती होतं.

रोखठोक: हो, पण केलं काय? त्याआधी ‘आर्गोसी’तल्या चार्ल्स रीडच्या कादंबरीवरून गदारोळ झाला होता. वुडबाईंनी मासिक सगळ्या घरानं वाचावं असं सोवळं करून टाकलं. ‘ईस्ट लिन’ या कादंबरीत नवरा-मुलं सोडून गेलेल्या बाईसाठी वाचकांना रडवणारी हीच लेखिका!

वाचनवेडी: सोवळं केलं ते स्वतः ठरवून केलं, आणि माझ्या लेखी तेच मोठं आहे. मॅक्सवेलच्या पैशाचा मुद्दा मान्य. पण मग एमिली फेथफुलला कुठे बसवणार? १८६० मध्ये तिनं लंडनमध्ये छापखाना काढून छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवायला बायका घेतल्या. पुरुष कामगारांचा विरोध होता, तरी १८६३ मध्ये तिनं ‘व्हिक्टोरिया मॅगझीन’ सुरू केलं. तिथे कोणता मॅक्सवेल होता, सांगा.