अनुभव धागा: फॅन पेज आणि छत्तीस मापांच्या स्क्रीन, तुम्ही कसं जमवलंत?

घोडबंदर_रोड:
भाची कॉलेजात आहे, तिने कबड्डीचं फॅन पेज बनवलंय, खेळाडूंचे फोटो, चढाया-पकडींचे आकडे, सगळं अगदी मन लावून. तिच्या लॅपटॉपवर (१९२० × १०८०) झक्कास दिसतं, पण बघणारे सगळे मोबाईलवाले, त्यातून निम्मे लोकलमध्ये एका हाताने कडी पकडून बघणारे. तिथे फोटो अर्धा कापला जातो आणि मेनू थेट रेडरच्या डोक्यावर येऊन बसतो. इथे या प्रकारातले जुने खेळाडू बरेच आहेत, पार डब्बा मॉनिटरच्या काळापासूनचे. ट्युटोरियलच्या लिंका नकोत, तुम्ही स्वतः काय केलंत ते लिहा.

कोपरी_पूर्व:
मीच बोहनी करतो, बहुतेक सगळ्यात म्हातारा मीच असणार. ९८च्या एप्रिलमध्ये शारजात सचिनने १४३ आणि मग फायनलला वाढदिवशी १३४ मारले, त्यानंतर डोकं ठिकाणावर असलेलं कोण होतं? आम्ही जिओसिटीजवर सचिनचं पेज काढलं, जागा फुकट मिळायची म्हणून. घरी १४ इंची मॉनिटर, ६४० × ४८०. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत ८०० × ६००. एका मित्राच्या ऑफिसात चक्क १०२४ × ७६८. तेव्हा सगळे पेजच्या तळाला लिहायचे '८०० × ६०० मध्ये उत्तम दिसेल', म्हणजे पंगतीला बोलवायचं आणि ताट घरून आणा म्हणायचं. आम्ही मेन टेबल, म्हणजे पानाचा सांगाडा, ७६० पिक्सेल रुंदीचं ठेवलं, कारण ८०० मधून स्क्रोलबार आणि ब्राउझरची कड वजा जाते.

खरी गंमत बॅकग्राउंडची. डावीकडे निळा पट्टा हवा म्हणून ८०० रुंद आणि काही पिक्सेल उंच अशी जीआयएफ (चित्राची फाईल) टाकायची, ब्राउझर ती फरशीसारखी लावत जातो, झाला उभा पट्टा तयार. पण १०२४ वाल्याकडे ८०० नंतर फरशी पुन्हा सुरू, की उजवीकडे दुसरा निळा पट्टा हजर! मित्र विचारतो, तिकडे पण मेनू येणार आहे का रे. उपाय सोपा निघाला, तीच जीआयएफ १६०० रुंद केली, वाढवलेला भाग एकाच रंगाचा असल्याने फाईल जवळपास तेवढीच राहिली, मोडेमच्या दिवसांत तेच महत्त्वाचं. पुढे ९९ला जिओसिटीज याहूने घेतलं आणि २००९ला बंद केलं. शतकांचं टेबल मात्र माझ्याकडे अजून आहे, त्याबद्दल खाली लिहितो.

ट्रान्सहार्बर:
आम्ही रेल्वेवेडे. आमचा प्रॉब्लेम जगावेगळा, कारण आमचा हिरोच आडवा आहे. बारा डब्यांची लोकल जवळपास अडीचशे मीटर लांब आणि साधारण चार मीटर उंच. गणित करा, ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर पूर्ण गाडी बसवली तर तिची उंची जेमतेम सहा पिक्सेल. सहा! ती गाडी नाही, ती रेघ. आणि फॅन लोक येतात ते पेंटोग्राफ (टपावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा), मोटरकोचच्या म्हणजे मोटर असलेल्या डब्याच्या जाळ्या आणि रंगाचे पट्टे बघायला.

बाजूने काढलेले फोटो जोडून पूर्ण रेक, म्हणजे सगळे डबे जोडलेली आख्खी गाडी, आम्ही केला होता, मोठ्या मॉनिटरवर तो बघताना काय वाटायचं ते सांगून कळणार नाही. फोनसाठी दोन गोष्टी केल्या. एक, पिक्चर टॅग (स्क्रीन बघून वेगळा फोटो देणारा एचटीएमएलचा टॅग) वापरून लहान स्क्रीनला आधी फक्त पुढचा मोटरकोच दाखवायचा, वेगळा कापलेला फोटो, नुसता लहान केलेला नव्हे, हा फरक लोकांना पटकन समजत नाही. दोन, त्याखाली पूर्ण रेक ठरावीक उंचीच्या खिडकीत ठेवायचा आणि ती खिडकी तेवढी आडवी सरकू द्यायची, बाकी पेज जागेवर. बोटाने सरकवत गेलं की प्लॅटफॉर्मवर उभं राहून गाडी जाताना बघितल्यासारखं होतं, आणि खरं सांगतो, आता मला मॉनिटरपेक्षा फोनवरच जास्त मजा येते.

ट्रान्सहार्बर लाईनच्या नकाशाचंही तेच. ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे अशी नावं आडव्या रेषेवर लिहिली की फोनवर एकमेकांत घुसतात, तिरकी लिहिली की मान वाकडी. मग ७०० पिक्सेलच्या खाली आख्खी लाईनच उभी केली, ठाणे वर आणि नावं उजवीकडे, डब्यात दारावर असतो त्याच्या बरोबर उलट. ही ७०० कुठल्या फोनची रुंदी नाहीये, कोपरखैरणे आणि तुर्भे जिथे टकरायला लागले ती आहे. २०२४ला दिघा गाव स्टेशन मध्ये आलं तेव्हा आडव्या नकाशात गर्दी वाढली आणि तो आकडा वर सरकवावा लागला. मापं फोनची कशाला धरायची, तुमच्या मजकुराचा दम कुठे कोंडतो ते बघा.

गडकरीची_बाल्कनी:
मराठीत पेज असेल तर आणखी एक दुखणं. मी डॉ. काशीनाथ घाणेकरांचं पेज करते, ठाण्यात त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे म्हणून म्हणा किंवा आईने लहानपणी सांगितलेल्या गोष्टी म्हणून म्हणा. नाटकांची नावं ही लांबलचक. मोठ्या स्क्रीनवर शीर्षक आडवं पुरावं म्हणून एका इंग्रजीवाल्या डिझायनरने अक्षरांमध्ये अंतर वाढवलं, झालं, शिरोरेखेचे तुकडे तुकडे! देवनागरीत लेटर-स्पेसिंगला हातच लावायचा नाही, फॉन्टचं माप वाढवायचं. आता त्या मापासाठी सीएसएसमधलं क्लॅम्प वापरते, कमीत कमी एवढं, जास्तीत जास्त एवढं, मधलं स्क्रीनच्या रुंदीवर. ओळींमधलं अंतर १.२ असलं तर वरचा रफार आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात, मी १.६ ठेवते.

आणि रिझोल्युशन सारखं असलं म्हणून स्क्रीन सारखी नसते हो. सासूबाईंचा फोन माझ्याच मॉडेलचा, पण त्यांनी अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलीत, चौकटीला ठरावीक उंची दिली की त्यांच्याकडे शेवटची ओळ कापली जाणार म्हणजे जाणारच. उंची कधी बांधू नका.

महापे_नाईट_शिफ्ट:
भाचीने व्ह्यूपोर्ट मेटा टॅग (पान स्क्रीनच्या रुंदीएवढं धर असं फोनला सांगणारी ओळ) टाकलाय का ते आधी बघा. नसेल तर फोन साधारण ९८० पिक्सेलचं पान समजून सगळं बारीक करून दाखवतो, पहिल्या आयफोनपासूनची ही सवय आहे. बाकी टेस्टिंगला फोन गोळा करत बसू नका, ब्राउझरची खिडकी कोपऱ्याला धरून हळूहळू बारीक करा, कुठे फाटतं ते लगेच दिसतं.

नेरुळ_सेक्टर:
एवढा खटाटोप कशाला? एकच कॉलम, मॅक्स-विड्थ म्हणजे जास्तीत जास्त रुंदी ६४०, मधोमध, फोटोला १०० टक्के. संपलं.

ट्रान्सहार्बर:
@नेरुळ, तुझ्या कॉलममध्ये माझी गाडी दहा पिक्सेलची होते.

कोपरी_पूर्व:
हां, ते टेबल. कसोटीतली ५१, वनडेतली ४९, शंभर ओळी, आणि कॉलम तारीख, विरुद्ध, मैदान, धावा, निकाल. सगळे सांगतात फोनवर प्रत्येक ओळीचं कार्ड, म्हणजे वेगळी चौकट करा. करून बघितलं, शंभर कार्डं म्हणजे अंगठा दुखेपर्यंत स्क्रोल, आणि दोन शतकं शेजारी ठेवून बघताच येत नाहीत, मग टेबल कशाला म्हणायचं त्याला? मी धावांचा कॉलम पहिला आणला, तो स्टिकी करून डावीकडे चिकटवला आणि बाकीचे त्याच्यामागून सरकू दिले. भाचीच्या आकड्यांना हेच चालेल, फक्त चिकटलेल्या कॉलमला बॅकग्राउंड रंग द्यायला सांगा, नाहीतर मागचे आकडे आरपार दिसतात.

घोडबंदर_रोड:
व्ह्यूपोर्ट टॅग नव्हताच. टाकला. मेनू डोक्यावरून उतरला, फोटोचं काम आज रात्री.