मॅक, विंडोज लॅपटॉप की मिनी पीसी? मदत हवी आहे

मंडळी, नवा कॉम्प्युटर घ्यायचाय आणि पंधरा दिवस वाचून वाचून डोक्याचा भुगा झालाय.

सध्याचा लॅपटॉप इंटेलच्या सहाव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम. उजवी बिजागरी तुटलीये, त्यामुळे झाकण उघडलं की स्क्रीन मागे लवंडते. मागे जाड शब्दकोश उभा करून भागवतो. बॅटरी फुगून टचपॅड वर आला तेव्हा ती काढूनच टाकली. आता चार्जरची पिन जरा हलली की खटकन बंद! पण खरं कारण वेगळं आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ साठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते. म्हणजे आमचं यंत्र परीक्षेलाच बसू शकत नाही.

काम म्हणजे पुस्तकांची मांडणी, मुद्रितशोधन, जुनी पानं स्कॅन करणं, हिशेबाच्या दोन-चार एक्सेल फायली. गेम वगैरे नाही.

डोळ्यांसमोर आहेत ते असे. भाचीचं मॅकबुक एअर दोन दिवस वापरलं आणि प्रेमात पडलो. आत पंखाच नाही, त्यामुळे आवाज शून्य. झाकण उघडायच्या आत जागं. दुसरे, २०२४ पासून आलेले स्नॅपड्रॅगन चिपवाले विंडोज लॅपटॉप. बॅटरी खूप टिकते म्हणतात. तिसरा आपला नेहमीचा इंटेल किंवा एएमडीचा लॅपटॉप. आणि एक मित्र त्याचा २०१९ चा इंटेल मॅक देतोय, त्यात बूट कॅम्प या अ‍ॅपलच्याच सोयीने विंडोजही टाकता येतं, म्हणजे दोन्ही डगरींवर हात. मिनी पीसी नावाचा डबाही कुणीतरी सुचवलाय, पण डेस्कटॉपकडे परत जायचं मन होत नाही.

निदान आठ वर्षं टिकावा. काय घेऊ?

वेलांटी: मॅक घ्या. विषय संपला.

जुनाखोका: विषय इतक्यात संपत नाही हो. आधी दोन गोष्टी सांगा: रोजच्या वापरातलं तुमचं सगळ्यात जुनं सॉफ्टवेअर कोणतं? आणि यूएसबीला काय काय खोचता?

धागाकर्ता: पकडलंत. मांडणीचं सॉफ्टवेअर जुनं आहे, युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर चालणाऱ्या आजच्या अक्षर-संकेताच्या) आधीच्या फॉन्टवर चालणारं. ते डोंगल, म्हणजे यूएसबीला खोचायची परवान्याची किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही. अंगठ्याएवढं हिरवं डोंगल, हरवू नये म्हणून त्याला लाल दोरा बांधलाय. वीस वर्षांच्या फायली त्यातच आहेत. फॉन्ट नसलेल्या मशीनवर त्या उघडल्या की मराठीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची गिचमिड दिसते. शिवाय स्कॅनर आहे, तोही म्हाताराच.

जुनाखोका: मग तुमच्यासाठी सगळं तिथेच ठरतं. २०२० च्या अखेरीस अ‍ॅपलने एम१ आणला तेव्हापासूनचे मॅक आणि तुमचे स्नॅपड्रॅगनवाले लॅपटॉप, दोन्हींचे प्रोसेसर एआरएम जातीचे, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या घडणीचे. इंटेलसाठी लिहिलेला साधा प्रोग्रॅम स्नॅपड्रॅगनवरचं विंडोज अनुवाद करून चालवतं, आणि बऱ्यापैकी चालवतं. पण ड्रायव्हरचा, म्हणजे जोडलेलं उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, अनुवाद होत नाही. तो एआरएमसाठीच लिहिलेला लागतो, आणि जुन्या डोंगलचा, जुन्या स्कॅनरचा तसा ड्रायव्हर कोण लिहीत बसलंय? म्हणजे प्रोग्रॅम सुरू होईल आणि "डोंगल सापडलं नाही" म्हणून तिथेच बसेल. नव्या मॅकवर बूट कॅम्प नाहीच. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे मॅकच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये, विंडोज टाकलंत तरी ते एआरएमचंच, अडचण तीच.

मित्राच्या मॅकला हात जोडा. मॅकओएस २६ ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती, आणि बूट कॅम्पमध्ये अधिकृतपणे विंडोज १० पर्यंतच जाता येतं. ज्या खड्ड्यातून निघताय त्यातच परत.

वेलांटी: अहो, पण त्या फायली युनिकोडमध्ये बदलून घ्या ना एकदाच. कन्व्हर्टर मिळतात. किती दिवस ते डोंगल उराशी धरणार?

काना_मात्रा: ताई, मी केलंय ते. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. साध्या शब्दांत कन्व्हर्टर बरोबर फिरवतो, जोडाक्षर आलं की वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. तीनशे पानांच्या पुस्तकाचं अख्खं मुद्रितशोधन पुन्हा करावं लागलं. नवी कामं युनिकोडमध्येच करावीत हे मान्य, पण जुनी सगळी बदलणं म्हणजे आयुष्य गेलं.

आणि धागाकर्ते, एक विचारू का? बॅटरी नाही, स्क्रीनला शब्दकोशाचा टेकू, पिन हलली की बंद. हा लॅपटॉप टेबलावरून शेवटचा कधी उचललात?

धागाकर्ता: 😄 बॅटरी काढल्यापासून एकदाही नाही. म्हणजे दोन वर्षं मी डेस्कटॉपच वापरतोय, तोही वाईट!

जुनाखोका: म्हणूनच मिनी पीसी बघा, इंटेल नाहीतर एएमडीवाला. फक्त रॅमच्या पट्ट्या बदलता येतात का ते विचारून घ्या. हल्लीच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, काही मिनी पीसीतही. मॅकमध्ये तर ती नंतर वाढतच नाही. आठ वर्षं काढायची तर १६ जीबीपासून सुरुवात करा.

आणि पैसे देण्याआधी कुणाच्या तरी विंडोज ११ वर डोंगल लावून बघा. त्यात मेमरी इंटिग्रिटी नावाची सुरक्षा असते, ती जुने ड्रायव्हर अडवते. घाई नको. विंडोज १० ची वाढीव सुरक्षा-अपडेट नोंदणी केलीत तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात.

धागाकर्ता: काल शेजाऱ्यांच्या विंडोज ११ वर डोंगल लावून पाहिलं. पहिल्यांदा दिवाच लागला नाही, पोटात गोळा. मग डोंगल बनवणाऱ्यांच्या साइटवरून नवा ड्रायव्हर उतरवला, मशीन पुन्हा सुरू केलं आणि हिरवा दिवा लागला. २००७ ची एक फाइल उघडली, रफार जागच्या जागी. स्कॅनरने मात्र मान टाकली, तो नवा घ्यावा लागेल.

तर इंटेलचा मिनी पीसी, १६ जीबी, रॅमच्या दोन खाचांपैकी एक रिकामी. भाचीच्या मॅककडे अजूनही बघवत नाही. आता स्क्रीन कोणती घ्यावी? पान आणि शुद्धिपत्रक शेजारी शेजारी दिसायला २४ इंच पुरतील की २७ लागतील?

काना_मात्रा: २७. आणि उभी फिरवता येणारी घ्या, अख्खं पान एका नजरेत येतं. शब्दकोश आता कपाटात ठेवा.