असिस्टंटनं भरलेल्या टाइमशीटवर सही कुणाची?

अर्धविराम
कालच्या 'टाइमशीटची कटकट संपली' या लेखाला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवेना. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं: एआय असिस्टंट एमसीपीनं (एआयला बाहेरच्या टूलशी जोडायची खुली पद्धत) जिरा (कामांची तिकिटं ठेवणारं टूल) आणि टॉगलला (तासांची नोंद ठेवणारं टूल) जोडला, तो कमिट (कोडमधले जतन केलेले बदल), कॅलेंडर, तिकिटं बघून तास टाकतो, तिकीट 'डन'मध्ये सरकवतो, आणि महिनाभरात हातानं एकही नोंद करावी लागली नाही.

जोडणीला माझा विरोध नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकनं एमसीपी खुला केला, मार्च २०२५ मध्ये ओपनएआयनंही तोच उचलला, मग अॅटलासियन (जिरा बनवणारी कंपनी), लिनियर (तसंच तिकिटांचं टूल) यांचे एमसीपी सर्व्हर आले. त्याआधी प्रत्येक टूलची जोडणी वेगळी लिहिण्यात माझे आठवडेच्या आठवडे गेलेत. ते संपलं, बरंच झालं. माझं भांडण 'हातानं एकही नोंद नाही' याच्याशी आहे.

मीही तीन आठवडे हे करून पाहिलं. एका मंगळवारी दिवसभर एक डेडलॉक (प्रोग्रामचे दोन भाग एकमेकांची वाट बघत अडकणं) शोधत होतो. सकाळी साडेनऊपासून लॉग, थ्रेड डंप, कागदावर बाण काढणं. संध्याकाळी सहाला दोन ओळी बदलल्या आणि कमिट केलं. असिस्टंटनं त्या तिकिटावर टाकली २५ मिनिटं. उरलेला दिवस गेला शेजारच्या तिकिटावर, कारण मधेच दहा मिनिटं काढून मी तिथल्या फायलींची नावं बदलली होती आणि ते कमिट दिसायला मोठं होतं. खाली सुबक वाक्य: 'रिफॅक्टरिंग पूर्ण, चाचण्या तपासल्या.' चाचण्या मी चालवल्याच नव्हत्या! आणि नोंदीवर नाव माझं. त्यावरून क्लायंटला बिल जातं.

तास ही माझी जबानी आहे. मसुदा कुणीही लिहून आणावा, वाचून सही मी करणार.

वाटसरू
तो लेख माझाच. जबानी वगैरे शब्द मोठे आहेत, पण खरं सांगा, शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता आपण काय करतो? सोमवारी काय केलं ते कुणालाही आठवत नसतं. चार तास इथं, चार तास तिथं, बेरीज आठ आली की सबमिट. मी नऊ वर्षं हेच केलं आणि दर शुक्रवारी मनाला लागायचं. असिस्टंटची नोंद चुकते, पण निदान ती कशाच्या तरी आधारावर असते.

आणि माणसाला स्वतःचा वेळ कळतो हा भ्रम आहे. २०२५ मधला मीटर या संस्थेचा प्रयोग बघा: १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर, २४६ कामं. एआय वापरायची मुभा असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि सगळं झाल्यावरही त्यांना वाटत होतं की २० टक्के वेळ वाचला. या माणसांच्या हातची नोंद तुम्हाला हवी?

अर्धविराम
तुम्हीच दिलेलं उदाहरण तुमच्यावर उलटतंय. त्या प्रयोगात वेळ डेव्हलपरांनी स्वतःच नोंदवला होता, स्क्रीन रेकॉर्ड करत, एकेका कामाचा. ती नोंदच १९ टक्क्यांचा आकडा देते. फसला तो नंतरचा अंदाज. म्हणजे काम चालू असताना लिहिलेलं टिकतं, शुक्रवारी आठवलेलं टिकत नाही. मी हेच म्हणतोय.

दुपारसावली
तुम्ही दोघं ज्यांचं कमिट असतं त्यांच्याबद्दल भांडताय. दुसऱ्याचा कोड वाचून तपासण्याचं, म्हणजे रिव्ह्यूचं काय?

मी टीम लीड आहे. असिस्टंट आल्यापासून पीआर (मंजुरीसाठी पाठवलेले कोडमधले बदल) फुगलेत. गेल्या गुरुवारी १,९०० ओळींचा एक पीआर पाच तास वाचला. लिहिणाऱ्याला स्वतःलाच निम्मं समजलेलं नव्हतं. कॅशची (तात्पुरत्या साठ्याची) किल्ली दोन ठिकाणी वेगवेगळी बनत होती, तेवढं एक सापडलं. पाच तासांत दोन कॉमेंट. माझ्या नावावर त्या दिवशी शून्य कमिट, आणि आपोआप भरलेल्या शीटमध्ये अर्धा दिवस कोरा. मॅनेजरनं विचारलं, 'गुरुवारी बरं नव्हतं का?' इतका राग आला की उत्तरच दिलं नाही.

पाखरू
ताई, रिव्ह्यूचं वेगळं तिकीट उघडा ना. आम्ही तसंच करतो.

दुपारसावली
केलं होतं. महिनाअखेरीला अहवालात ते सगळं 'ओव्हरहेड' या रकान्यात गेलं आणि सांगण्यात आलं की ओव्हरहेड कमी करा. ज्या कामामुळे प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती चालू प्रणाली) पडलं नाही ते ओव्हरहेड!

वाटसरू
असिस्टंटला गिटहब (कोड आणि रिव्ह्यू जिथं असतात ते) पण जोडा. रिव्ह्यू कॉमेंटच्या वेळा त्याला दिसतात, त्यावरून तो तास काढेल.

दुपारसावली
दोन कॉमेंट, दोन्ही शेवटच्या वीस मिनिटांतल्या. काढा तास. वाचणं कुठेच उमटत नाही हो! काहीही चूक न सापडता 'अप्रूव्ह' केलं तर ती फक्त एक क्लिक असते, आणि तिथंच कधीकधी सगळ्यात जास्त वेळ गेलेला असतो.

पाखरू
हे मात्र खरं. माझी तक्रार वेगळी आहे. आमच्याकडे पीआर मर्ज झाला (मुख्य कोडमध्ये मिसळला) म्हणून असिस्टंटनं तिकीट 'डन' केलं. डिप्लॉय, म्हणजे तो बदल प्रत्यक्ष सर्व्हरवर चढवणं, फेल झालं होतं. 'डन'वर ऑटोमेशन लावलेलं, त्यामुळे क्लायंटला 'दुरुस्ती झाली' असा मेल गेला. रात्री अकराला फोन मला आला.

शून्यबिंदू
या धाग्यात कुणी टोकनबद्दल (असिस्टंटला टूलमध्ये शिरायला दिलेला परवाना) बोलतच नाही याचं नवल वाटतं. तिकिटाचं वर्णन बाहेरचा माणूस लिहू शकतो, आणि असिस्टंट ते वाचतो. मे २०२५ मध्ये इन्व्हेरिअंट लॅब्सनं दाखवलं होतं: सार्वजनिक रेपोतल्या (कोडच्या साठ्यातल्या) एका इश्यूत (तक्रारीच्या नोंदीत) सूचना पेरल्या, तर गिटहबच्या एमसीपी सर्व्हरला जोडलेला एजंट खासगी रेपोतली माहिती बाहेर टाकतो. सर्व्हरच्या कोडमध्ये बिघाड नव्हता. एकाच एजंटकडे परका मजकूर, खासगी माहिती आणि लिहिण्याचा अधिकार असं तिन्ही एकत्र आलं होतं. वाटसरू, तुमच्या टोकनला लिहिण्याचा अधिकार आहे?

वाटसरू
आहे. सगळ्या प्रोजेक्टवर.

बरं, आज बसून मागच्या महिन्याच्या नोंदी एकेक करून बघितल्या. त्रेचाळीसपैकी अकरा चुकीच्या. रात्री उशिरा केलेलं काम यूटीसीमुळे (आपल्या साडेपाच तास मागं असलेली जागतिक वेळ) भलत्याच तारखेला पडलंय, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. टोकन फक्त वाचण्यापुरतं केलं. आता तो रोज संध्याकाळी मसुदा दाखवेल, मी दुरुस्त करून टाकेन. पण शुक्रवारच्या त्या खोट्या बेरजेकडे मी परत जाणार नाही, हे अर्धविराम यांनी लिहून घ्यावं.

अर्धविराम
जाऊ नकाच. शुक्रवारची बेरीज मीही केली आहे, आणि तिला जबानी म्हणायची माझी हिंमत नाही. रोजचा मसुदा असेल तर माझं भांडण मिटलं. 'कटकट संपली' हे शीर्षक तेवढं बदला.

दुपारसावली
तुमचं मिटलं असेल. मी आज नोंद हातानं टाकली: 'पीआर वाचन, ३ तास ४० मिनिटं.' टूलनं लाल पट्टी दाखवली, तिकीट क्रमांक आवश्यक. ओव्हरहेडचा क्रमांक टाकला की सेव्ह होईल. टाकलेला नाही. उद्या सकाळी मॅनेजरला तीच स्क्रीन दाखवणार आहे.