मारुती ओम्नी (१९९९, कार्बोरेटर): सीएनजीवर चढाला मिसिंग (मधूनच सिलिंडर पेटत नाही), पेट्रोलवर ठीक. सुरुवात कुठून करू?

चढाचा_प्रवासी:
गाडी ओम्नी, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. सीएनजी किट साधं मिक्सरवालं, हवेत गॅस मिसळणारा हा मिक्सर एअर फिल्टर आणि कार्बोरेटरच्या मध्ये बसवलाय. रिड्यूसर (गॅसचं प्रेशर कमी करणारा भाग) दहा वर्षं जुना, आजवर उघडलेला नाही. गॅसच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) याच वर्षी झाली.

सपाटीला ४०-५० च्या वेगात काही त्रास नाही. कात्रजच्या चढाला तिसऱ्या गियरवर ॲक्सिलरेटर दाबला की हिसके देते, मधूनच एअर फिल्टरच्या डब्यात फटका बसतो. पेट्रोलवर टाकली की तोच चढ निमूट चढते. सकाळी गॅसवर स्लो (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालणं) टिकत नाही. गॅरेजमध्ये पॉवर स्क्रू (मिक्सरला किती गॅस जावा ते ठरवणारा) दोनदा फिरवून झाला. ॲव्हरेज गेलं, हिसके तिथेच. आता रिड्यूसर बदला म्हणतायत. त्याआधी काय तपासावं?

करंट_आधी:
पॉवर स्क्रूला सध्या कुणालाही हात लावू देऊ नका. पेट्रोलवर नीट आणि गॅसवर फक्त लोडला मिसिंग, म्हणजे आधी करंट (ठिणगीची बाजू) बघायचा. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. चढाला सिलिंडरमधलं प्रेशर वाढलं की ते आणखी वाढतं. प्लगमध्ये ठिणगी पडण्यापेक्षा कॅपमधून किंवा वायरच्या चिरेतून बॉडीला जाणं तिला सोपं पडतं. पेट्रोल हे खपवून घेतं, गॅस घेत नाही.

१. तिन्ही प्लग काढा, गॅप मोजा. झिजून १ मिमीच्या वर गेला असेल तर नवे घाला आणि ०.७ ठेवा.
२. प्लग वायर मल्टिमीटरवर किलो-ओममध्ये मोजा. आकडा लांबीप्रमाणे थोडा बदलेल, पण एकच वायर दुप्पट-तिप्पट दाखवत असेल तर पूर्ण सेट बदला.
३. डेल्कोची (प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) कॅप उघडून आतून बॅटरीच्या उजेडात बघा. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर कॅप बाद. पुसून उपयोग नाही. मधला कार्बन स्प्रिंगवर हलतो का बघा, आत फिरणाऱ्या रोटरचं टोक जळलंय का तेही.
४. अंधारात, गॅसचा व्हॉल्व्ह बंद करून, इंजिन पेट्रोलवर ठेवून वायरींवर स्प्रेने पाण्याचा हलका फवारा मारा. निळ्या ठिणग्या दिसल्या की चोर सापडला. गॅसचा वास येत असताना हा प्रयोग अजिबात नको.

फटक्याचं कारणही बहुधा इथेच आहे. मिसिंग झालेलं किंवा सावकाश जळणारं पातळ (गॅस कमी, हवा जास्त) मिश्रण इनटेक व्हॉल्व्ह उघडेपर्यंत धुमसत राहतं आणि मागचा गॅस पेटवतं. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-२ आहे, वायरी अदलाबदल झाल्या नाहीत ना हेही बघा. शेजारच्या वायरी एकमेकींना घासू देऊ नका.

रिड्यूसर_मित्र:
करंटचं पटतं, पण सकाळी स्लो न टिकणं वेगळं प्रकरण वाटतं. रिड्यूसरमध्ये २०० बारचा गॅस एकदम फुगतो, तेव्हा तो बर्फासारखा गार पडतो. म्हणून त्यातून इंजिनचं गरम पाणी फिरवतात. इंजिन तापल्यावर रिड्यूसरच्या दोन्ही पाण्याच्या पायपांना हात लावा. एक गरम, एक गार म्हणजे पाणी फिरत नाही: एअर लॉक, गाळ, नाहीतर पाणीच कमी. रिड्यूसर रेडिएटरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर बसवला असेल तर हवा तिथेच अडकते. बाहेरून दव किंवा पांढरं धरलं असेल तर शंकाच नको.

दुसरं, गॅसचा गेज किती दाखवतो तेव्हा त्रास होतो ते लिहून ठेवा. टाकी भरलेली असताना ठीक आणि अर्ध्याच्या खाली हिसके, तर हाय प्रेशर फिल्टर किंवा सोलेनॉइड (गॅसचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) चोंदलाय. भरलेली असतानाच स्लो बिघडतो, गॅस उतरल्यावर सुधारतो, तर रिड्यूसरच्या पहिल्या स्टेजची सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती जागा) गळतेय. या दोन्हीत स्क्रू फिरवून काही होत नाही.

एअर फिल्टरही बघा. मिक्सरच्या किटमध्ये फिल्टर तुंबला की ओढ वाढून गॅस जास्त येतो, आणि लोक स्क्रू आवळून तो लपवतात.

चढाचा_प्रवासी:
तपासलं. प्लगचा गॅप १.१. वायरी ९, १० आणि ३१ किलो-ओम. ३१ वाली दोन नंबरची. कॅप ठीक. रिड्यूसरची परतीची पाइप गार होती, रेडिएटरमध्ये जवळजवळ एक लिटर पाणी मावलं. इंजिन चालू ठेवून हवा काढल्यावर दोन्ही पाइप गरम. त्रास टाकी भरलेली असो वा रिकामी, सारखाच. टॅपेटचा (इंजिनचे व्हॉल्व्ह दाबणारे भाग) आवाज अजिबात नाही, तिकडे सगळं छान असावं.

फीलर_गेज:
गॅसच्या गाडीत टॅपेट गप्प झाले की मला काळजी वाटते. पेट्रोलचे थेंब व्हॉल्व्ह थोडे थंड ठेवतात, गॅस कोरडा येतो. त्यामुळे सीट घासते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप कमी होत जातो. गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, उष्णता सीटला देऊ शकत नाही आणि कडेने जळतो. मिश्रण पातळ असेल तर हे आणखी लवकर. इंजिन पूर्ण थंड असताना सहाही व्हॉल्व्हचे गॅप मोजा, एक्झॉस्टचे आधी, आणि मॅन्युअलच्या मापाला लावा. मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घ्या. तीन सिलिंडरमध्ये १ किलोपेक्षा (प्रति चौ. सेंमी) जास्त फरक नको. लिटरभर पाणी गेलं कुठे तेही शोधा: होज, वॉटर पंप, हेड गॅस्केट.

चढाचा_प्रवासी:
दोन नंबरच्या एक्झॉस्टमध्ये ०.०५ ची पट्टीही जात नव्हती. सगळे मापाला लावले. कॉम्प्रेशन तिन्हीकडे जवळजवळ सारखं. पाणी पंपाजवळच्या होजमधून झिरपत होतं, बदलली. नवे प्लग ०.७ ला, नवा वायर सेट. हिसके आणि फटके थांबले, सकाळचा स्लोही टिकतो. रिड्यूसर जुनाच ठेवलाय. पिकअप अजून थोडा मंद आहे.

करंट_आधी:
व्हॉल्व्ह वेळेत सापडला, बरं झालं. आता टायमिंग (ठिणगी पडायची वेळ). गॅस सावकाश जळतो, म्हणून पेट्रोलच्या खुणेपेक्षा ४-५ अंश पुढे घ्या. नंतर पेट्रोलवर चढाला चालवा. खडखड आली तर एक-दोन अंश मागे.

स्क्रूची वेळ यानंतर. नवा एअर फिल्टर, इंजिन पूर्ण गरम. आधी रिड्यूसरचा स्लो स्क्रू सर्वात जास्त आरपीएमला लावा. मग ३,००० आरपीएमला धरून पॉवर स्क्रू हळूहळू आवळा, आरपीएम पडायला लागेल तिथे खूण करा. पुन्हा पडेपर्यंत सैल करा, तिथे दुसरी खूण. दोन्हींच्या मध्ये ठेवा आणि पीयूसीच्या मशीनवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) बघून घ्या. ॲव्हरेजसाठी आवळलेल्या बाजूला नेऊ नका, मिश्रण पातळ होऊन तेच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुन्हा गॅप संपायच्या टोकाला जाईल.

रोज एक-दोन किलोमीटर पेट्रोलवर चालवा, नाहीतर कार्बोरेटरची फ्लोट नीडल आणि पंपाचा डायफ्राम सुकून कडक होतात.