टाकीत ५ सीसी जास्त असले तर बिघडलं काय?

रिमोटवर चालणाऱ्या छोट्या इंधन-गाड्यांच्या शर्यतीत इंजिन सगळ्यांचं ३.५ सीसीच, मग टाकी थोडी मोठी असली तर बिघडलं काय, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. १/८ ऑफ-रोड बग्गीच्या (खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश मापाची, कच्च्या ट्रॅकवर धावणारी) टाकीला १२५ सीसीची मर्यादा असते. १२५ सीसीत गाडी ९ मिनिटं चालत असेल, तर ५ सीसी म्हणजे जवळपास २० सेकंद. लॅप ४० सेकंदांचा असेल तर अर्धा लॅप! इंधन संपत आलेलं असताना पिटपर्यंत (इंधन भरायच्या जागेपर्यंत) पोहोचणं किंवा वाटेतच बंद पडणं, हे तेवढ्यावर ठरतं.

आणि मोजताना नुसती टाकी धरू नका. कार्ब्युरेटरपर्यंतची नळी आणि फिल्टर त्यातच येतात. २० सेंमी नळीत जेमतेम १ सीसी मावतं, पण बाद व्हायला तेवढं पुरे. माझी टाकी सकाळी १२४.५ भरली होती, फायनलनंतर गरम असताना सिरिंजने मोजली तर १२५च्या वर. प्लास्टिक उष्णतेने फुगतं. तेव्हापासून मी १२३ वरच थांबतो. मोजण्यासाठी भरताना गाडी हळूहळू सगळीकडे कलती करा, कोपऱ्यात अडकलेला हवेचा बुडबुडा हमखास चकवतो.